ताम्हिणी घाटात गाडी बंद पडली, सोबत ४ वर्षांची मुलगी आणि ११ महिन्यांचं बाळ. गाडीतच बसून राहिले, बरोबर केलं का?

ओवीची_आई

नमस्कार. पोस्ट मोठी झालीय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून लिहितेय.

गेल्या गुरुवारी पुण्याहून म्हसळ्याला माहेरी निघाले होते. मी, ओवी (४ वर्षं) आणि बाळ (११ महिने), बस्स. नवरा कामासाठी बाहेरगावी आहे, आईची तब्येत बरी नव्हती, आणि हा रस्ता मी लग्नाआधीपासून चालवतेय त्यामुळे भीती अशी नव्हती. वीकेंडला धबधब्यांची गर्दी असते म्हणून मुद्दाम गुरुवार धरला. निघायला मात्र उशीर झाला, चांदणी चौक सोडला तेव्हाच सव्वाबारा. मुळशीपर्यंत पाऊस साधाच होता, ताम्हिणी गावानंतर जो धरला तो धरलाच, वर धुकं.

डोंगरवाडी सोडल्यावर एका वळणावर रस्त्यावर बरंच पाणी साचलं होतं. मागे एक गाडी हॉर्न वाजवत होती म्हणून मी जरा जोरातच त्यातून काढली, पाणी पार बोनेटवर उडालं. तिथून दोनेक किलोमीटरवर लाल बॅटरीचा दिवा लागला आणि स्टीअरिंग जड वाटायला लागलं. मला वाटलं बॅटरी जुनी झालीय, आता तर उतारच आहे, घाटाखालच्या विळ्यापर्यंत जाईल गाडी, तिथे बघू. पाच-सात मिनिटांत वायपर हळू झाले, ब्लोअर बंद पडला, काच आतून पांढरी झाली, आणि टेम्परेचरचा काटा बघते तर पार वर. बोनेटमधून वाफ. मग जिथे होते तिथेच डावीकडे घेऊन थांबले. डावीकडे म्हणजे डोंगराच्या बाजूला, कड्याला चिकटून, आणि पुढे पंधरा-वीस फुटांवर वरून पाणी पडत होतं.

फोनला रेंज नाही. पाऊस असा की दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. चारी इंडिकेटर लावले आणि मुलांना घेऊन मागच्या सीटवर बसले. बाळ रडायला लागलं, ओवीला शू लागली, काचा बंद त्यामुळे आत कोंदट, उघडल्या तर पाणी आत. अर्ध्या तासाने एक टेम्पोवाले दादा थांबले, म्हणाले ताई मुलांना घेऊन माझ्याबरोबर चला, खाली टपरी आहे, इथे नका बसू. मी नाही म्हणाले. एक तर अनोळखी माणूस, त्यात बाळ भिजलं असतं, आणि गाडी सोडू नये असं कुठंतरी डोक्यात बसलेलं. नंतर श्रीवर्धनची एसटी आली, ड्रायव्हरकाकांनी थांबून विचारलं आणि खाली निजामपूरला एका मेकॅनिकला निरोप दिला. तो बाइकवर रेनकोट घालून वर आला. बेल्ट पुलीवरून उतरून फाटला होता म्हणाला. गाडी टो करून खाली नेली, आम्ही त्याच्या ओळखीच्या रिक्षातून गेलो. एकूण पावणेदोन तास तिथे होतो.

सगळे सुखरूप आहेत. पण बाहेर उतरले तेव्हा बघितलं, माझ्या बोनेटच्या पुढे दोन-तीन हातांवर नारळाएवढे चार दगड पडलेले होते. आम्ही थांबलो तेव्हा नव्हते ते. मला चांगलं आठवतंय, कारण मी गाडी तिथूनच आत घेतली होती. तेव्हापासून रात्री झोप लागत नाहीये.

तर प्रश्न असे. दिवा लागला तेव्हाच थांबायला हवं होतं का? गाडीत बसून राहणं चूक होतं का? आणि गणपतीला परत जायचंय, दोन्ही मुलं बरोबर असणार, तर काय तयारी करू? घरचे म्हणतायत गाडी चालवणंच बंद कर. ते मला मान्य नाही. पण नीट समजून घेतल्याशिवाय मी परत त्या घाटात जाणार नाही.

---

दहाचा_पाना

ताई, आधी गाडीचं सांगतो, कारण हे प्रत्येक पावसाळ्यात माझ्याकडे येतं. घाटाच्या खालच्या अंगाला गॅरेज आहे माझं.

लाल बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरी खराब, असा ९० टक्के लोकांचा समज आहे. तो दिवा सांगतो की बॅटरी चार्ज होत नाहीये. चार्ज करतो अल्टरनेटर आणि त्याला फिरवतो बेल्ट, जुने लोक फॅन बेल्ट म्हणतात तोच. पुष्कळ गाड्यांत त्याच बेल्टवर कूलंट फिरवणारा वॉटर पंप पण असतो आणि एसीचा कॉम्प्रेसर पण. म्हणजे एक बेल्ट गेला की बॅटरी चार्ज होणं थांबलं, एसी गेला आणि इंजिनातलं पाणी फिरायचं थांबलं. स्टीअरिंग हायड्रॉलिक असेल तर त्याचा पंप पण त्यावरच असतो, आणि इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी उतरत गेली की ते जड होतं. तुमच्या गाडीत एकामागून एक जे झालं ते सगळं त्या एका बेल्टचं आहे.

साचलेल्या पाण्यातून जोरात गाडी काढली की खालून पाण्याचा फवारा सरळ पुलीवर बसतो. बेल्ट नवीन आणि टाइट असेल तर क्षणभर घसरतो, चिरचिर आवाज करतो आणि परत धरतो. जुना, बारीक भेगा पडलेला, चकचकीत झालेला असेल तर ओला झाला की पुलीवरून उतरतो. मग कडेला घासून फाटतो. मागच्याने कितीही हॉर्न मारू द्या, पाण्यात पहिला गिअर आणि माणसाच्या चालीचा स्पीड.

आता तुमचा प्रश्न, थांबायला हवं होतं का. लाल दिवा लागला आणि टेम्परेचरचा काटा जागेवर असेल तर घाबरून भलत्या जागी थांबायचं नाही. एसी, ब्लोअर, गाणी, मोबाइल चार्जर सगळं बंद करायचं, फक्त हेडलाइट आणि वायपर ठेवायचे. बॅटरी धड असेल तर तेवढ्यावर काही किलोमीटर गाडी जाते, त्यात बरी जागा शोधायची. पण नजर काट्यावर पाहिजे. काटा चढायला लागला की मिनिटांचा खेळ असतो, पुढं रेटलं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जातं आणि मग हजारांचं काम लाखाच्या जवळ जातं. तुम्ही वाफ दिसल्यावर थांबलात, इंजिन वाचलं, नशीब चांगलं. काही गाड्यांत वॉटर पंप टायमिंग चेनवर किंवा आतल्या बेल्टवर असतो, त्यांचा बाहेरचा बेल्ट गेला तरी काटा चढत नाही. आपल्या गाडीत काय आहे ते मेकॅनिकला विचारून ठेवा.

आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कोणी कितीही सांगितलं तरी उघडू नका. अर्धा-पाऊण तास थांबा. आत वाफेचं प्रेशर असतं, तोंडावर येतं. लहान मुलं बाजूला असताना तर अजिबात नाही.

---

निवृत्त_चालक

पोरी, मी ३१ वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी घाटात. तुझं वाचून अंगावर काटा आला म्हणून नातवाला टाइप करायला बसवलंय.

तो टेम्पोवाला खरं बोलत होता. तू अनोळखी माणसाबरोबर गेली नाहीस यात तुझी चूक नाही, लेकरं घेऊन एकट्या बाईने तसाच विचार करावा. पण त्या जागेवर बसायला नको होतं. कड्याला चिकटून, शेजारी वरून पाणी पडतंय, ही सह्याद्रीतली सगळ्यात वाईट जागा. पाणी एकटं येत नाही, माती आणि दगड घेऊन येतं.

घाटात गाडी कुठं थांबवायची ते आम्हाला जुन्या ड्रायव्हरांनी शिकवलं होतं तेच सांगतो. कड्याखाली नाही. धबधबा किंवा मोरी असेल तिथं नाही. वळणाच्या पोटात नाही, कारण मागून येणाऱ्याला तू शेवटच्या क्षणी दिसणार. दरीकडच्या साइडपट्टीवरही नाही, पावसाने ती आतून पोकळ झालेली असते, गाडीचं चाक गेलं की संपलं. मग राहिलं काय, तर सरळ रस्त्याचा रुंद तुकडा, देवळासमोरची मोकळी जागा, टपरी, वाडीचा फाटा. अशा जागा घाटात पाच-दहा मिनिटांवर असतातच. म्हणून दिवा लागला की लगेच डोक्यात आणायचं, मागची मोकळी जागा जवळ की पुढची. उतार असेल आणि इंजिन बंद पडलं तरी गाडी ब्रेकवर उतरते, पण ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही दगडासारखे कडक होतात, पाय पूर्ण जोराने दाबावा लागतो. आणि चावी शेवटपर्यंत फिरवून काढायची नाही, स्टीअरिंग लॉक होईल.

दरड येण्याआधी डोंगर सांगतो. बारीक खडे टपटप पडायला लागतात. कड्यावरून येणारं पांढरं पाणी एकदम लाल गढूळ होतं. आणि ज्याकडे कोणी बघत नाही ते म्हणजे, चांगलं धो धो येणारं पाणी अचानक कमी होतं. लोकांना वाटतं बरं झालं, पाऊस ओसरला. तसं नसतं, वर कुठंतरी मातीने अडवलेलं असतं आणि ते सगळं एकदम खाली येतं. यातलं एक जरी दिसलं तरी लेकरं उचलायची आणि निघायचं. भिजली तर भिजली. गाडी तिथेच राहू दे, दरवाजे उघडे राहिले तरी राहू देत. चालायचं ते आडवं, ज्या बाजूला कडा संपतो तिकडं. पाण्याच्या वाटेने खाली उतरायचं नाही.

मागून येणाऱ्यांसाठी तो लाल त्रिकोण गाडीबरोबर मिळतो, डिकीत तसाच पडून असतो. सपाट रस्त्यावर तो साधारण ५० मीटर मागे ठेवतात, पण घाटात वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवायचा, म्हणजे वळायच्या आधी दिसेल. त्रिकोण नसला तर आम्ही झाडाच्या फांद्या आणि दगड लावायचो. एक हात जोडून विनंती, गाडी निघाली की ते दगड उचला. रात्री मोटारसायकलवाला त्यावर जाऊन आदळतो. मी दोन पोरं तशी गेलेली बघितलीत.

---

ओवीची_आई

काका, तुमची पोस्ट तीनदा वाचली. पाणी कमी होणं हे मला अजिबात माहीत नव्हतं. खरं सांगते, मधे एकदा ते पाणी कमी झाल्यासारखं वाटलं होतं आणि मी ओवीला म्हणाले होते बघ आता पाऊस थांबणार. पुढचं लिहवत नाही.

पण मग नियम काय धरायचा? कधी गाडीत बसायचं आणि कधी उतरायचं? बाळाला त्या पावसात घेऊन किती चालणार होते मी?

---

कोथरूडकर_बाबा

याच प्रश्नावर लिहितो, माझा अनुभव घाटातला नाही, शहरातला आहे. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी मुलाला क्लासवरून आणताना रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात पाणी होतं. पुढची रिक्षा गेली म्हणून मी गेलो. मधोमध गाडी बंद. मी काय केलं, परत स्टार्टर मारला. दोनदा. खडखड आवाज आला आणि इंजिन कायमचं बसलं. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येऊन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इन्शुरन्सवाल्यांनी क्लेम नाकारला, त्यांचं म्हणणं पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट केली तर ते नुकसान पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. माझ्याकडे नव्हतं. पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावू नका, टो करूनच बाहेर काढा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पाणी दाराच्या खालून आत यायला लागलं आणि मी मुलाला म्हणालो उतर. त्याला दार उघडेना. चाइल्ड लॉक! ते मीच लावलेलं, दोन वर्षं झाली, विसरूनही गेलो होतो. मागे बसलेल्या मोठ्या माणसालाही ते आतून उघडत नाही हे त्या दिवशी कळलं. तुम्ही पण मुलांना घेऊन मागच्या सीटवर बसला होतात, एकदा चेक करा. मी त्याला सीटच्या मधून पुढे ओढून माझ्या दाराने काढला. पाणी माझ्या मांडीपर्यंत होतं, त्याच्या छातीपर्यंत.

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा गाडीतच अडकून, काचा आणि लॉक न उघडल्याने गुदमरून माणसं गेली होती. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत माझा नियम एकदम सरळ आहे. पाणी वाढतंय म्हणजे गाडी सोडायची, आणि तेही पाणी दाराच्या खाली असतानाच. इलेक्ट्रिक काचा चालतायत तोवर खाली करून घ्यायच्या. आधी आपला सीटबेल्ट सोडायचा, मग मोठ्या मुलाचा, मग बाळाचा, बाळ सगळ्यात शेवटी कारण ते एकदा हातात आलं की दुसरं काही करता येत नाही. काच फोडायची छोटी हातोडी मिळते, तिलाच बेल्ट कापायचं पातं असतं, ती डिकीत नाही, ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी ठेवायची. समोरची काच तिने फुटत नाही, बाजूची फुटते, आणि मधे नाही, कोपऱ्यात मारायची.

वाहतं पाणी असेल तर गाडी घालूच नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलून नेऊ शकतं.

---

बालवॉर्ड

मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, १४ वर्षं झाली. भिजण्याची भीती वाटते म्हणून आया वाईट जागी बसून राहतात, त्यावर बोलते.

पावसात दहा-पंधरा मिनिटं भिजल्याने बाळाला काही होत नाही. होतं ते ओल्या कपड्यात नंतर तासभर ठेवल्याने. त्यामुळे उतरायची वेळ आली तर बिनधास्त उतरा, पण कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आपल्या खांद्याला असू देत, डिकीत नको. आडोशाला पोचलं की बाळाचे सगळे ओले कपडे काढायचे, डायपरसकट, कोरडं पुसायचं, टोपी घालायची आणि आपल्या कपड्यांच्या आत छातीला चिकटवून वरून गोधडी किंवा शाल घ्यायची. आईच्या अंगासारखी ऊब दुसरी नाही. बाळ गार पडलंय का ते हातापायावरून बघू नका, हात-पाय नेहमीच गार लागतात, पोटाला हात लावा. पोट गार लागलं, किंवा रडणारं बाळ एकदम गप्प आणि मलूल झालं, दूध ओढेना, तर मात्र वाट बघत बसायचं नाही, १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने सरळ दवाखाना.

अंगावर पाजत असाल तर प्रश्नच नाही, पाजत राहा, बाळ शांत होतं आणि तुम्हीही. वरचं दूध असेल तर उकळलेलं पाणी थर्मासमध्ये आणि पावडर कोरडी वेगळी, कालवून ठेवू नका. ११ महिन्यांच्या बाळाला मऊ भात, केळं, राजगिऱ्याचा लाडू पाण्यात भिजवून, यातलं काहीही चालतं.

ओवीच्या शू चं सांगते, हे कोणी लिहीत नाही पण तेवढ्यासाठी लोक भर रस्त्यात दार उघडून मुलाला खाली उतरवतात आणि तिथेच अपघात होतो. बाळाचा डायपर उलगडून खाली ठेवा, त्यावर बसवा. चार वर्षांच्या मुलाची शू आरामात शोषतो. आणि तिला काम द्या. आमच्याकडे सुई टोचताना मोठ्या भावंडाला आम्ही टॉर्च धरायला लावतो, रडणं थांबतं. तिला सांगायचं, तू खिडकीतून गाड्या मोज, बस आली की मला सांग. मुलं आपला चेहरा बघून घाबरतात, पावसाला नाही घाबरत.

---

माळरान

एवढं सगळं करण्यापेक्षा इंजिन चालू ठेवून एसी लावून बसावं ना. बाकी गाडी धड असेल तर. कोंदटपणा जातो, काचेवर वाफ धरत नाही, बाळ पण झोपतं. मी नेहमी तसंच करतो, मुसळधार पावसात थांबलो की एसी चालू आणि पोरं मागे झोपलेली.

---

दहाचा_पाना

माळरान दादा, मोकळ्या जागी, सायलेन्सर मोकळा असेल आणि थोडा वेळ असेल तर चालतं. पण पाणी सायलेन्सरच्या तोंडापर्यंत आलंय, मागे चिखल लागलाय, किंवा गाडी कड्याला मागून टेकलीय, तर धूर मागे फिरतो आणि आत येतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुन्या गाड्यांचा सायलेन्सर मधेच गंजलेला असतो, तिथून धूर खालून केबिनमध्ये येतो, मालकाला पत्ता नसतो. मी लिफ्टवर घेऊन दाखवतो तेव्हा लोकांचा विश्वास बसत नाही. आणि पोरं मागे झोपलेली असतात ना, मग ती झोपलीत की बेशुद्ध पडतायत हे तुम्हाला पुढच्या सीटवरून कळणार नाही. वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच दोन बोटं खाली ठेवाच, पाणी येऊ दे थोडं.

काचेवरच्या वाफेसाठी, एसी चालू करून हवा बाहेरची घ्यायची, आतली फिरवायची नाही. ते गोल बाणाचं बटण बंद पाहिजे. बऱ्याच जणांचं ते कायम चालू असतं.

---

बालवॉर्ड

दहाचा पाना यांचं अगदी बरोबर. मोठ्यांचं डोकं दुखतं, मळमळतं, त्यावरून कळतं तरी. लहान बाळ काही सांगू शकत नाही, पेंगतं फक्त. गाडीत बसून तुमचं डोकं जड झालं की सगळ्यांना बाहेर काढा, पाऊस असला तरी.

---

निवृत्त_चालक

नियम विचारलास म्हणून. जागा बरी असेल, म्हणजे वर कडा नाही, पाणी नाही, मागून येणाऱ्याला लांबून दिसतेस, तर गाडीतच बस, बेल्ट लावून, कारण मागून ठोकलं तर बेल्टच वाचवतो. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर उतरायचं. एक्सप्रेसवेवर किंवा मुंबई-गोवा हायवेवर असशील तर पाऊस असो नसो, उतरायचंच, डाव्या दाराने, आणि रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, गाडीच्या पुढे नाही आणि मागेही नाही. तिथं गाड्या शंभरच्या स्पीडने येतात. नॅशनल हायवेवर १०३३ ला फोन लागतो, क्रेन येते. घाटात इमर्जन्सीचा ११२. तुझ्या कंपनीच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर मिळत असेल तर ११२ लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. कुठलाच टॉवर नसेल तर नाही लागणार. घाट चढायच्या आधी घरी मेसेज टाकायचा, आत्ता पौड सोडलं, अमुक वाजेपर्यंत विळ्याहून फोन येईल, नाही आला तर शोध घ्या. आमच्या वेळी डेपोला तसंच कळायचं, गाडी वेळेत पुढच्या स्टँडला लागली नाही की चौकशी सुरू.

आणि उशिरा निघू नको. घाट दुपारच्या आत उतरलेला बरा. लेकरं असतील तर मी खोपोली, पाली, वाकणवरून माणगावला जाईन. लांब पडतं, पण वाटेत गावं आहेत, माणसं आहेत, दुकानं आहेत. ताम्हिणी पावसाळ्यात मधेच बंद पण करतात, निघायच्या दिवशी चौकशी करायची.

---

ओवीची_आई

सगळ्यांचे खूप आभार. काल दुपारी बाळ झोपल्यावर गाडी पूर्ण रिकामी केली. चाइल्ड लॉक दोन्ही बाजूंना लागलेलं होतं. म्हणजे त्या दिवशी दगड गाडीवर आले असते आणि पुढची बाजू दबली असती तर मी मुलांना घेऊन मागून उतरूच शकले नसते. डावीकडचं आता काढलंय. बाळ उजवीकडे सीटमध्ये बेल्टला असतं आणि ओवी डावीकडे तिच्या सीटला, तिला सांगितलंय की दाराला हात फक्त आईने सांगितल्यावर. दार सेंट्रल लॉकने चालताना बंदच राहतं ते पण तपासलं.

त्रिकोण डिकीत स्टेपनीखाली होता, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, गाडी घेतल्यापासून उघडलेला नाही. आता माझ्या सीटखाली आहे. एक पाठीवरची सॅक भरली, त्यात मुलांचे कपडे पिशवीत बांधून, दोन टॉवेल, आईची जुनी सुती गोधडी, डायपर, लाडू, टॉर्च, पॉवर बँक. बाळाला पुढे बांधायचा झोळीसारखा कॅरिअर होता तो माळ्यावरून काढला. हे मला आधी सुचायला हवं होतं, तो असता तर मी दोन्ही हात मोकळे ठेवून ओवीला धरून चालू शकले असते, त्या टपरीपर्यंत दोनशे मीटरच होतं. नंतर रिक्षातून जाताना बघितलं मी.

गणपतीला खोपोली-पाली मार्गाने जाणार, सकाळी सहाला निघून. नवऱ्याशी बोलले, तोही दोन दिवस आधी येतोय.

दहाचा पाना दादा, एक शेवटचं विचारते. निजामपूरला बेल्ट नवीन टाकला. पण आता रोज सकाळी गाडी स्टार्ट केली की पाच-दहा सेकंद चिरचिर आवाज येतो, मग बंद होतो. इथल्या गॅरेजवाल्याने सांगितलं नवीन बेल्ट आहे, ओलाव्याने होतं, आठ दिवसांत बसेल. खरं आहे का?

---

दहाचा_पाना

नाही ताई, आठ दिवस थांबू नका. नवीन बेल्ट नीट टाइट बसवला असेल तर रोज असा घसरत नाही आणि आवाजही करत नाही. रोज आवाज येतोय म्हणजे एक तर बेल्ट ढिला बसलाय, घाईत भर पावसात काम केलेलं, होऊ शकतं, किंवा टेन्शनर पुलीचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं, बेअरिंग गेलंय. पहिला बेल्ट उतरायला ते बेअरिंगच कारण असेल तर हा पण उतरणार. अजून एक, जुना बेल्ट फाटताना त्याचे धागे पुलीच्या मागे सीलमध्ये गुंडाळले जातात, ते काढले नसतील तर तिथून पुढे ऑइल गळतं.

गॅरेजला जाऊन सांगा, बेल्ट काढा आणि सगळ्या पुल्या एकेक करून हाताने फिरवून दाखवा. तुम्ही स्वतः फिरवून बघा. चांगली पुली गुपचूप फिरते, गेलेली पुली खरखरते आणि हलवली तर डगडगते, ते हाताला लगेच कळतं. टेन्शनर बदलायला सांगितला तर बदला. आणि वॉटर पंपाखाली ओल दिसते का ते तेव्हाच बघून घ्या, तापलेल्या गाडीत त्याचं सील पण गेलेलं असू शकतं. कूलंटची बाटली आज सकाळी कुठपर्यंत होती ते खूण करून ठेवा, चार दिवसांनी परत बघा. कमी झाली असेल तर मला इथे कळवा.

---

ओवीची_आई

आत्ताच खाली जाऊन खूण करून आले. उद्या सकाळी दहाला गॅरेज उघडतं, मी उभी राहून फिरवून बघणार. सांगते काय निघालं ते.